आक्काबाईंचा मलायी नाग

नाशिकजवळच्या मखमलाबादच्या वाल्मीक विधातेला ‘तुझ्या घरात एकूण पाती किती?’ असं विचारलं, तर तो आधी पातं कशाला म्हणायचं यावर अर्धा तास बोलायचा. त्याची बायको लताबाई एका वाक्यात आटपायच्या. “घरभर सुऱ्या आहेत आणि कांदा चिरायला एक नाही.”

ते अगदी खरं होतं. त्यांच्या बाहेरच्या खोलीत काचेचं एक कपाट होतं. मुळात ते लताबाईंच्या स्टीलच्या भांड्यांसाठी करून घेतलेलं, पण भांडी कधीच स्वयंपाकघरात परतली होती. कपाटात नेपाळी खुकरी, नागा लोकांचा दाव, अरबांचा वाकडा जंबिया, ब्रह्मदेशातली लांब तलवार अशी सगळ्या आशियाची हत्यारं शेजारीशेजारी गुण्यागोविंदानं नांदत होती. आणि या शस्त्रागाराचा मालक कोण, तर झेंडू, शेवंती आणि गुलाब पिकवणारा माणूस! पहाटे फुलांच्या पाट्या बाजारात उतरवायच्या, दुपारी घरी येऊन कापसाच्या बोळ्यानं पात्यांना तेल लावायचं. फुलबाजारात त्याला सगळे ‘तलवारवाला माळी’ म्हणत. त्याला ते आवडायचं, म्हणून चिडवणाऱ्यांना त्यात मजा येईनाशी झाली.

हे वेड लागलं नव्वद-एक्क्याण्णवच्या सुमाराला, गंगेवरच्या, म्हणजे गोदावरीकाठच्या, बुधवारच्या बाजारात. देवळालीच्या कॅम्पातून लष्करी कुटुंबं बदलीवर निघाली की त्यांचं नको असलेलं सामान भंगारवाल्यांच्या हातून इथं येऊन पडे. फाटक्या भात्याची पेटी आणि बिनकाट्यांचं घड्याळ यांच्यामध्ये वाल्मीकला एक खुकरी दिसली. पात्याच्या बुडाशी एक खाच होती. ती कशासाठी, असं त्यानं विचारलं. “कंपनीचा डिफेक्ट आहे,” विक्रेता म्हणाला.

दुसरा कुणी असता तर घासाघीस करून घरी गेला असता. वाल्मीक सातपुरातल्या कारखान्यांच्या दारांवरचे नेपाळी वॉचमन शोधत फिरला. एकानं सांगितलं, रक्त मुठीपर्यंत येऊ नये म्हणून ही खाच. दुसरा म्हणाला, ते गाईचं पाऊल आहे. तिसरा म्हणाला, “हमको नहीं मालूम साहब, हम तो इससे सब्जी काटते हैं.” वाल्मीकनं तिघांवरही विश्वास ठेवला. त्याचा स्वभावच तसा. माहिती आली की ती आपली, मग ती एकमेकींशी भांडत का असेना!

चुकाही तो तशाच मन लावून करायचा. ब्रह्मदेशाची म्हणून एक तलवार त्यानं दोन वर्षं कौतुकानं दाखवली. तिची धार, तिचा बाक, इरावती नदीकाठचे लोहार, सगळं सांगून झालं. मग एकदा लांज्याहून एक पाहुणे आले आणि चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, “हा आमच्या आजोबांच्या कोयत्यासारखा कोयता तुमच्याकडे कसा काय?” वाल्मीक दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं कोकणातल्या कोयत्यांवर बोलायला सुरुवात केली.

पण एक गोष्ट त्याच्या बोलण्यात नेहमी यायची आणि ती ऐकताना हसू यायचं नाही. तो म्हणायचा, “पात्याचं लोखंड कुणीबी सांगंल. ते कुणाच्या कमरेला होतं, ते कळल्याबिगर पातं कळलं असं म्हणू नये.” कुठलंही नवं पातं आलं की तो आधी ते हातात धरून डोळे मिटून बसायचा. लताबाई म्हणायच्या, “झालं. आले महाराज समाधीत.”

या सगळ्या पात्यांमध्ये एक नव्हतं आणि तेच त्याला हवं होतं. वाचनालयातल्या एका जाड इंग्रजी पुस्तकात त्यानं त्याचं चित्र पाहिलं होतं. मलाया आणि जावा बेटाकडची कट्यार, नाव केरिस. नागमोडी पातं, वळणांची संख्या नेहमी विषम, आणि मुठीजवळ पातं एका अंगाला एकदम रुंद होत गेलेलं. दोन जातींचं लोखंड घडीवर घडी घालून ठोकायचं, म्हणजे पात्यावर लाटांसारखी नक्षी उमटते. पुस्तक घरी न्यायची परवानगी नव्हती. त्यामुळे तो तिथंच जाऊन बसायचा आणि शब्दकोश मांडीवर घेऊन एकेक ओळ लावायचा. नाशिकमध्ये केरिस मिळणं म्हणजे गोदावरीत देवमासा मिळण्यासारखं होतं. हे त्याला कळत होतं, तरी दर बुधवारी तो गंगेवर जायचाच.

केरिस मिळाली ती मात्र बाजारात नाही.

सिन्नरच्या पुढच्या एका वस्तीवरून महेश नावाचा चाळिशीतला शेतकरी झेंडू घेऊन फुलबाजारात यायचा. नव्याण्णव सालच्या श्रावणात त्यानं वाल्मीकला नागपंचमीचं जेवायला बोलावलं. दिंडं, म्हणजे वाफवलेली पुरणाची घडी आणि वर तुपाची धार, हे ऐकून वाल्मीकचा जुना दोस्त म्हणून मीही सोबत निघालो. मला पात्यांमधलं काही कळत नाही, पण तूप वाढणारा हात मी लांबूनही ओळखतो.

महेशच्या आई आक्काबाई दारातच भेटल्या. पंचाहत्तरीच्या घरातल्या, पण पाठ ताठ. घरात सणाची शांतता होती. पंचमीला काही चिरायचं नाही, कापायचं नाही, तवा चढवायचा नाही, रानात खुरपंसुद्धा लावायचं नाही. त्यांची विळी फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवलेली होती.

“आधी नागोबाला दूध दाखवते, मग बसा,” असं म्हणून त्या देव्हाऱ्यापुढे गेल्या. आम्ही त्यांच्या मागे उभे राहिलो.

देव्हाऱ्याच्या शेजारी बाभळीच्या लाकडाचा एक ठोकळा होता. त्यात हातभर उंचीचा लोखंडी नाग उभा होता. शेपटीकडून वळणं घेत घेत वर आलेला, वर रुंद फणा, फण्याच्या टोकाला जिभेसारखी बारीक काडी. काडीला शेवंतीचं फूल टोचलेलं. कित्येक वर्षांच्या हळदकुंकवाची पुटं अंगावर बसून तो निम्मा पिवळा, निम्मा लाल झाला होता. आक्काबाईंनी तांब्यातलं दूध फण्यावरून ओतलं. ते वळणावळणानं खाली आलं.

वाल्मीकचा श्वास मला ऐकू आला. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याची बाही धरली, पण उशीर झाला होता.

“मावशी, हा नाग नाय.”

आक्काबाई वळल्या. “मग काय हाय?”

“केरिस हाय. मलायी लोकांची कट्यार. तुम्ही उलटी रोवलीय. हा फणा म्हणताय ना, तिथं मूठ बसायची. ही जीभ नाय, मुठीत जायचा दांडा हाय. आन् शेपूट म्हणताय ते टोक!” आणि मग धरण फुटल्यासारखा तो सुटला. वळणं विषम का, लोखंड कसं ठोकतात, अशी वस्तू सबंध जिल्ह्यात दुसरी नसेल, दुधानं तिचं काय वाटोळं होतंय. त्याचा चेहरा लहान पोरासारखा फुलला होता.

महेशला हसू फुटलं. “घ्या! म्हंजी आज घरात विळी बंद, आन् आपण कट्यारीला दूध पाजतोय!”

आक्काबाई हसल्या नाहीत. हातातला तांब्या तसाच धरून त्या म्हणाल्या, “आमच्या मालकानी आणला हा. सहादू नाव त्यांचं. जपानच्या लढाईत मलायात व्हते. परत आले तवा पेटीत हाच एक जिन्नस. मी इचारलं, काय हाय हे? तर म्हणले, जपून ठेव, यानं मला राखलं. त्याच्यावर एक शबुद नाय. मरेपस्तोर नाय. मला वाटलं, तिकडच्या रानात नागोबा आडवा आला आसंल, जीव वाचवला आसंल. म्हणून मी देवात बसवला.”

आक्काबाई त्या लोखंडाकडे पाहत होत्या. मग त्यांनी हळूच विचारलं, “कट्यार आसंल, तर राखलं म्हंजी काय रं?”

वाल्मीकला तेव्हा कळलं आपण काय करून बसलो ते.

“यानं माणूस मेलाय का?” आक्काबाईंनी विचारलं.

खुकरीच्या एका खाचेची तीन उत्तरं असलेला गडी तो. पण म्हणाला, “मला ठाऊक नाय, मावशी. तिकडं लोक लग्नाकार्यातबी कमरेला लावायचे ही. पुष्कळशा तर कधी कुणाला लागल्याबी नसतील. पण हिचं मला ठाऊक नाय.”

आक्काबाईंनी तांब्या बाजूला ठेवला. “बसा. निवतंय जेवण.”

दिंडं उत्तम झाली होती, तूप सढळ होतं आणि मी दुसऱ्यांदा काही मागितलं नाही. हात धुतल्यावर आक्काबाईंनी महेशला सांगून ते पातं ठोकळ्यातून उपटलं, जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलं आणि वाल्मीकच्या हातात दिलं. “घेऊन जा. मला आता त्याच्याकडं बघवायचं नाय.”

त्यानं मागितलं नव्हतं. पण नकोही म्हटलं नाही. सिन्नरहून नाशिकपर्यंत जीपमध्ये मांडीवर ते गाठोडं धरून तो बसला होता आणि मला एकदाही कट्यारीविषयी काही ऐकावं लागलं नाही. एरवी मी देवाचे आभार मानले असते.

घरी लताबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या म्हणाल्या, “तुम्हाला देवळापुढं फुलं विकायला बसवलं, तर गिऱ्हाइकाला सांगाल की आत नुसता दगड आहे, उगाच कशाला हार घेता!”

“अगं, पण दुधानं ते पातं सडत होतं. आणखी काही वर्षांनी काडी राहिली असती.”

“मग? त्यांचा देव होता. सडू नाही तर राहू. तुम्हाला कुणी विचारलं होतं?”

ज्या वस्तूसाठी तो आठ-नऊ वर्षं तळमळला, ती त्यानं कपाटात ठेवली नाही. कपाटावर ठेवली, गाठोड्यासकट. येणाऱ्यांना खुकरी दाखवायचा, दाव दाखवायचा. वर काय आहे असं विचारलं तर म्हणायचा, “ते माझं नाय.” एकदा त्यानं मला विचारलं, “मी खोटं बोललो असतो तर बरं झालं असतं का रे?” मी म्हटलं, खोटं कशाला, गप्प बसला असतास तरी चाललं असतं. त्यानं यावर बराच विचार केला. गप्प बसणं हा पर्याय त्याला आयुष्यात प्रथमच कुणीतरी सुचवला असावा.

त्या सुमारास कॉलेज रोडला सायबर कॅफे निघाले होते. प्लायवुडच्या खोपट्यांमध्ये कॉलेजची पोरंपोरी कुजबुजत बसलेली असत आणि त्यांच्यामध्ये पांढरी टोपी घातलेला, धोतराला माती लागलेला हा गृहस्थ मलेशियातल्या कट्यारी बघत बसे. चालकाला सुरुवातीला पोलिसांना कळवावं की काय असा प्रश्न पडला होता. नंतर तोच याची पत्रं टाइप करून द्यायला लागला. त्यातून केलांतान नावाच्या भागातला एक निवृत्त पोस्टमन सापडला. त्याच्याकडेही केरिस होत्या आणि त्याचीही बायको वैतागलेली होती. त्यामुळे मैत्री लगेच जमली.

पोस्टमननं धुवायची रीत कळवली. नारळाच्या पाण्यात भिजत ठेवायचं, मग लिंबाच्या रसानं हलक्या हातानं घासायचं, पुसून कोरडं करायचं, तेल लावायचं. शेवटी सोमलाचा हात द्यायचा. सोमल म्हणजे जहर, हे कळल्यावर लताबाईंनी जाहीर केलं की त्या वस्तूनं उंबरा ओलांडला तर त्या माहेरी जातील. सोमल राहिला. लिंबं मात्र पोतंभर लागली. वाल्मीकनं फडकं सोडलं आणि रोज दुपारी थोडंथोडं घासत बसला. हळद गेली, कुंकू गेलं, गंज गेला. आणि एके दिवशी त्या काळ्या लोखंडात फिकट रुपेरी रेषा दिसायला लागल्या. आडव्या, बारीक, एकावर एक.

त्यानं पोस्टमनला आक्काबाईंचा तो प्रश्नही विचारला होता. त्याचं उत्तर आलं, “आम्हीही असं विचारतो. पातं सांगत नाही.” आणि खाली सहज लिहावं तसं लिहिलं होतं की, आमच्याकडची जुनी माणसं सरळ पात्याला निजलेला नाग म्हणतात आणि वळणाच्या पात्याला चालता नाग.

वाल्मीक खुर्चीवरून असा उठला की शेजारच्या खोपट्यातली दोन पोरं घाबरून लांब सरकली.

पुढच्या पंचमीला आमंत्रण नव्हतं. तरी आम्ही गेलो. वाल्मीकच्या एका हातात शेवंतीची पाटी होती, दुसऱ्या हातात गाठोडं. आक्काबाई ओट्यावर बसल्या होत्या. वर्षभरात त्या खचल्यासारख्या वाटल्या. महेशनं आम्हाला आधीच बाजूला घेऊन सांगितलं होतं, “आई देवापुढं बसते, पण त्या ठोकळ्याकडं पाठ करून. ठोकळा काढू पण देत नाय.”

वाल्मीकनं गाठोडं त्यांच्यापुढे सोडलं. “मावशी, गेल्या साली मी चुकीचं बोललो.”

“म्हंजी कट्यार नाय ही?”

“कट्यारच हाय. पण नाग नाय म्हणलो, ते चुकलं. ज्यांनी बनवली ती माणसंबी हिला नागच म्हणतात. चालता नाग. कुणी न सांगता तुम्ही बरोबर बसवला व्हता.” मग न राहवून त्यानं पुस्ती जोडली, “उलटा, पण बरोबर.”

आक्काबाईंनी पातं हातात घेतलं आणि उजेडाकडे धरलं. त्यांचं बोट त्या रुपेरी रेषांवरून फिरलं. “हे खवले कुठून आले?”

“आधीपासनं हायेत. घडवतानाच घातलेले. हळदकुंकवाखाली दिसत नव्हते.”

“इतकी वरसं मी त्याला पांघरूनच घातलं म्हण की.” त्यांनी पातं मांडीवर ठेवलं. “आन् माझ्या इचारण्याचं काय?”

“लय विचारलं मावशी. नाय कळत. कधीच कळायचं नाय.”

आक्काबाईंनी मान हलवली. हे उत्तर त्यांनी वर्षभरात आपलं आपण काढलेलं असावं. त्या उठल्या, आत गेल्या आणि सुनेला काहीतरी सांगितलं. पातं पाटावर आडवं ठेवलं. दूध दाखवलं, पण वाटीतून, लांबूनच. वाल्मीकनं विचारलं, “परत ठोकळ्यात रोवायचं का?”

“नगं. तुझ्याकडं ऱ्हाऊ दे. माझ्याजवळ राह्यला तर मी त्याच्यावर दूध घातल्याबिगर राहायची नाय, आन् तू म्हणतोस दूध त्याला खातंय. तू संबाळ. पंचमीला घेऊन येत जा म्हंजी झालं.”

मग पानं मांडली. देवाचं पान देवापुढे गेलं. त्याच्या शेजारी आक्काबाईंनी पाट ठेवून आणखी एक पान मांडलं आणि त्यावर दिंडं वाढली.

“हे कुणाचं?” महेशनं विचारलं.

“त्याचं. ज्याला हा लागला आसंल त्याचं.”

“आई, लागलाच आसंल कशावरून?”

“नसंल लागला तर चांगलंच हाय. पान काय वाया जात नाय. पर लागला आसंल, तर तुझ्या बापाला राखलं आन् त्याच्या घरचं कोणतरी वाट बगत बसलं आसंल. त्याला कुनी घास ठेवला आसंल का नाय, देवाला ठाऊक.”

“अगं, तो मुसलमान असंल. नायतर जपानी.”

“मग? दिंड काय त्याला कडू लागनार हाय?”

आक्काबाईंनी आम्हा तिघांकडे पाहिलं. “पित्तर घालताना माणूस बसवतो का नाय आपन? तसा बसवायचा. महेश नाय चालनार, तो मालकांचा पोरगा.” मी नजर खाली घातली. “वाल्मीक, तू बस. तूच त्याला घरात आणलास.”

पुढे आक्काबाई होत्या तोवर दर पंचमीला, ज्याच्या देशाचा, धर्माचा, नावाचा पत्ता नाही आणि जो कदाचित झालाच नाही, अशा माणसाच्या जागी मखमलाबादचा वाल्मीक विधाते जेवायला बसत आला. दोन हजार तीनच्या कुंभमेळ्याला झेंडूला सोन्याचा भाव होता, तेव्हासुद्धा तो तोडणी मजुरांवर सोडून गाठोडं घेऊन सिन्नरला गेला. पण त्या पहिल्या वेळी त्याला काय करावं ते सुचत नव्हतं. पाटावर तो अवघडून बसला, टोपी काढली, पुन्हा घातली. मग सवयीप्रमाणे बोलायला लागला, “मावशी, तिकडं मलायात भाताबरोबर…”

“गप जेव,” आक्काबाई म्हणाल्या. “त्याला कुठं आपली बोली येत व्हती?”

वाल्मीक गप्प झाला आणि जेवू लागला. आक्काबाई समोर बसून प्रत्येक घास पाहत होत्या. पानातलं संपलं तसं त्यांनी विचारलं, “आनखी वाढू?”

त्याचं पोट भरलं होतं. त्यानं नाही म्हणायला मान हलवली आणि मध्येच थांबला. तो माणूस किती जेवणारा होता, कुणास ठाऊक! त्यानं पान पुढे सरकवलं. आक्काबाईंनी आणखी दोन दिंडं वाढली आणि वरून तूप सोडलं.